पाणी कमी प्यायलात, म्हणून?

कुणाची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं अशी बातमी आली की आमच्या इंदुरात रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत एकच निकाल ऐकू येतो: ‘पाणी कमी पीत असणार.’ निकाल देणाऱ्यानं रोग्याची फाइल पाहिलेली नसते. त्याला साखर किती वर्षांपासून आहे, रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, गुडघ्यांसाठी तो रोज कोणती गोळी घेत होता, यातलं काही विचारावंसंही वाटत नाही. पाणी कमी प्यायला, आता भोगतोय. विषय संपला.

हा निकाल खोटा आहे. नुसता खोटा असता तर मी कागद काळे केले नसते. तो क्रूर आहे. आजारी माणसाला तो त्याच्याच आजाराचा गुन्हेगार ठरवतो, आणि ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा त्यांना सुखानं झोपू देतो.

या एका समजुतीवर केवढा बाजार उभा राहिलाय ते बघा. सकाळी बागेच्या फाटकाशी दुधी-कारल्याच्या रसाची गाडी. ‘किडनी साफ करणारा’ म्हणून खपणारा काढा. काकडी-लिंबाचे काप पाण्यात टाकून त्याला डिटॉक्स म्हणणारे व्हिडिओ. उठल्याबरोबर उपाशीपोटी चार ग्लास पाणी रिचवा, किडनी धुऊन निघेल, असं छातीठोकपणे सांगणारे स्वयंघोषित गुरुजी. जो अवयव अख्ख्या शरीराचं रक्त अहोरात्र धुतो, त्यालाच धुवायला ही मंडळी निघाली आहेत. आणि ऐकणारे शिकलेसवरलेले लोक माना डोलावतात, कारण शाळेत दहा मार्कांची आकृती काढली होती, त्यापलीकडे त्या अवयवाशी कुणाचा परिचयच झालेला नाही.

तो परिचय करून घेऊ. माझा सगळा आक्षेप त्यातूनच उभा राहतो.

मूत्रपिंड मुठीएवढं असतं, वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. पण हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठींकडे जातो, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून जास्त. एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, आणि तिथं रक्ताच्या दाबानंच पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं बारीक-सारीक गाळून बाहेर पडतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र आतच राहतात. दिवसाला हा गाळलेला द्रव भरतो 180 लिटर. माणसाच्या अंगात रक्तद्रव असतो तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. आणि लघवी होते किती? दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं परत रक्तात.

मूत्रपिंडाची खरी करामत या परत घेण्यात आहे. घरातलं सगळं सामान अंगणात काढून ठेवायचं आणि मग हवं तेवढंच पुन्हा आत न्यायचं, अशी ही पद्धत. वरवर उधळपट्टी वाटते. पण तिचा फायदा असा, की नको असलेली गोष्ट ओळखत बसावं लागत नाही. जे आत नेलं नाही ते आपोआप बाहेर राहिलं. आपल्या पूर्वजांनी कधी न पाहिलेली कित्येक रसायनंही त्यामुळे आपलं शरीर बाहेर टाकू शकतं.

गाळलेल्या पाण्यापैकी आणि मिठापैकी दोन तृतीयांश, साखर आणि अमिनो आम्लं तर जवळजवळ सगळीच, नेफ्रॉनच्या पहिल्या वळणदार नळीत परत घेतली जातात. या नळीच्या पेशी अखंड कष्ट करतात. सोडियम उपसण्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, ऊर्जा लागते, आणि रक्ताचा पुरवठा घटला की आधी मरतात त्या याच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर येतो हेन्लेचा फासा. याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञानं तो 1862 मध्ये दाखवला, पण तो कशासाठी आहे हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. नळी मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते आणि वळून परत वर येते. वर येणारा भाग मीठ बाहेर टाकतो, पण पाण्याला त्याच्यामागून जाऊ देत नाही. त्यामुळे गाभा खारट होत जातो, इतका की अगदी खोल तळाशी विरघळलेल्या द्रव्यांचं प्रमाण रक्ताच्या चौपट होतं. हा खारट गाभा म्हणजे पाणी ओढून घेण्यासाठी शरीरानं राखून ठेवलेली ताकद. शेवटची नळी, जिच्यातून लघवी बाहेरच्या वाटेला लागते, ती याच गाभ्यातून जाते. तिच्या भिंतीत पाण्यासाठी दारं उघडी असली तर पाणी गाभ्याकडे ओढलं जातं आणि रक्तात परततं, लघवी घट्ट होते. दारं मिटलेली असली तर पाणी तसंच पुढे जातं, लघवी पातळ होते. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. पाण्याची अशी वाट पेशीच्या भिंतीत असते हे पीटर अ‍ॅग्रे यांनी दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दारं उघडायची की मिटायची, हे मेंदू ठरवतो. रक्तातल्या क्षारांची तीव्रता अवघी एक टक्का वाढली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना कळतं. त्या एडीएच हे संप्रेरक सोडतात, ते रक्तातून मूत्रपिंडाला पोचतं, आणि काही मिनिटांत दारं भिंतीत बसवली जातात. तीव्रता आणखी थोडी वाढली की तहान लागते. उलट, तुम्ही लिटरभर पाणी एकदम प्यायलात, की एडीएच आटतं, दारं काढून घेतली जातात आणि दोन-तीन तासांत ते पाणी लघवीवाटे बाहेर. प्यायलेलं जास्तीचं पाणी काही धूत नाही, काही उपसून नेत नाही. ते फक्त बाहेर जातं.

रक्तापेक्षा सहापट पातळ ते चौपट घट्ट, एवढ्या मर्यादेत निरोगी मूत्रपिंड लघवी बनवू शकतं. दिवसाचा सगळा टाकाऊ माल ते अर्ध्या लिटरात बाहेर काढू शकतं, आणि तुम्ही हौसेनं पीत राहिलात तर दहा लिटरही. कमी पाण्यात भागवणं हेच तर त्याचं काम आहे. या कामासाठीच ते घडलेलं आहे. जे काम करायला एखादा अवयव जन्माला आला, ते काम केल्यानंच तो मेला, असं ठासून सांगणाऱ्याकडे पुरावा मागायला नको?

पुरावा मागितला की गाडं अडतं. दिवसाला आठ ग्लास ही संख्या कुठून आली? 1945 मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक मंडळानं प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं, आणि लगेच पुढे लिहिलं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातच असतं. पुढचं वाक्य जगानं गिळलं. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकानं 2002 मध्ये आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार कसून शोधला. त्याला तो सापडला नाही. आपलं वरण, ताक, आमटी, चहा, काकडी, संत्रं, सगळ्यात पाणीच आहे. पोळीतसुद्धा आहे.

आणि ज्यांची मूत्रपिंडं आधीच मंदावलेली आहेत, त्यांना पाणी जास्त पाजून फरक पडतो का? कॅनडात हे रीतसर करून पाहिलं. 631 रोगी, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर पाठपुरावा करून जास्त पाणी प्यायला लावलं, बाकीच्यांना नेहमीसारखं राहू दिलं. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मूत्रपिंडांची घसरण काही मंदावली नाही. एवढं स्पष्ट उत्तर असताना आमच्याकडे अजूनही सल्ला तोच.

अपवाद आहेत आणि ते मी दडवणार नाही. ज्याला मुतखडा होतो त्यानं पाणी भरपूर प्यायलाच हवं, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. ज्या बाईला पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, तिलाही जास्त पाण्याचा फायदा होतो. माळव्याच्या मे महिन्यात उन्हात खडी फोडणाऱ्याला, भट्टीपुढे उभ्या असलेल्याला, ज्याची तहान वयानं मंदावली आहे अशा आजोबांना आणि तोंडानं मागू न शकणाऱ्या तान्ह्याला पाणी आठवणीनं द्यायला हवं. पण या यादीतही नीट बघा, दोष कुणाचा? राजवाड्यामागच्या बाजारात दिवसभर दुकानात उभ्या असणाऱ्या मुली पाणी टाळतात ते अज्ञानानं नाही. जायला जागा नसते, असली तर ती कुलूपबंद किंवा आत पाय ठेवण्यासारखी नसते, आणि मालकाला विचारायची चोरी. मुंबईत 2011 मध्ये बायकांना ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी करावी लागली, ती याचसाठी. त्या मुलींना ‘पाणी प्या गं’ असं सांगणाऱ्यानं आधी त्यांच्यासाठी स्वच्छतागृहाची किल्ली आणून द्यावी.

आता दुसरी बाजू. पाणी प्या, पाणी प्या, हा सल्ला जिथं खरोखर जीव घेतो ती.

माझ्या काकांचं डायलिसिस चालू होतं. मूत्रपिंडं जवळपास थांबलेली, लघवी दिवसभरात जेमतेम कपभर. काकूनं अर्ध्या लिटरची एक बाटली बाजूला काढली होती आणि तिच्यावर पेननं रेघा मारल्या होत्या. दिवसभराचा सगळा द्रव त्या रेघांत बसवायचा. गोळ्या उतरवायला लागणारा घोटही त्यातच धरायचा, सकाळचा चहाही, वरणाची वाटीही. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा एखादा खडा चघळायचा. मशीनला लावण्याआधी आणि नंतर वजन करत. जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर माणसाचं जे वजन उरतं त्याला तिथं कोरडं वजन म्हणतात, आणि दोन डायलिसिसांच्या मधे वजन किती वाढलं यावरून पुढचे चार तास कसे जाणार हे ठरतं. पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसात साचतं. मग रात्री आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसल्या-बसल्या पहाट करावी लागते. काकांनी अशा रात्री काढल्या.

आणि भेटायला येणारे काय आणत? शहाळी. ‘किडनीला चांगलं असतं, घ्या थोडं.’ नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी मूत्रपिंड ते काही तासांत बाहेर टाकतं. निकामी मूत्रपिंड टाकू शकत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाचा ठोका बिघडवतं, थांबवूही शकतं. काकू ती शहाळी हातातून घेऊन मागच्या दारी ठेवून द्यायची. पाहुणे जाता जाता दारात, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, ‘आधीपासून पाणी प्यायले असते तर ही वेळ आली नसती.’ माझे काका वीस वर्षं मधुमेही होते. त्या वीस वर्षांत त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन एकदाही कुणी तपासलं नव्हतं.

इथं खरी मेख आहे. मधुमेह आणि रक्तदाब त्या गाळणाऱ्या गुंत्यांची बारीक जाळी हळूहळू खराब करतात. जाळी सैल झाली की अल्ब्युमिनसारखं जे प्रथिन कधीच बाहेर जायला नको ते लघवीत झिरपू लागतं. हे अगदी सुरुवातीला होतं, तेव्हा माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. मूत्रपिंडांच्या कामाचं माप म्हणून रक्तातलं जे क्रिएटिनीन तपासतात, ते तोपर्यंत सभ्यपणे जागच्या जागी असतं. मूत्रपिंडांची निम्म्याच्या आसपास ताकद जाईपर्यंत ते फारसं हलत नाही. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस आयुष्यभर ठणठणीत जगतो, इतका राखीव साठा तिथं असतो, आणि म्हणूनच ऱ्हास कळत नाही. त्या काळात अल्ब्युमिनची एक साधी लघवी तपासणी, साखर-रक्तदाबावर पकड आणि योग्य औषध एवढ्यानं कित्येकांचं डायलिसिस वर्षानुवर्षं लांबवता येतं, काहींचं टाळता येतं. आमच्या शहरात सोसायटी-सोसायटीतून आरोग्य शिबिरं होतात, वजन होतं, बोटाला सुई टोचून साखर होते, फोटो होतो. लघवीची बाटली कुणी हातात देत नाही. का? लघवी म्हटलं की नाक मुरडायचं, आणि पाणी प्या म्हणायला पैसे पडत नाहीत.

मिठाबद्दल इंदूरकरांना बोललेलं आवडत नाही, तरी बोलतो. शरीरात पाणी किती राहणार हे मुख्यतः मिठावर ठरतं. मीठ जास्त गेलं की त्याच्याबरोबर पाणी थांबतं, रक्तदाब चढतो, आणि चढलेला दाब त्याच गुंत्यांवर आदळतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. आपण सकाळी पोह्यांवर मूठभर शेव घालतो, वर जीरावन भुरभुरतो, चार वाजता पुन्हा नमकीन, रात्री सराफ्यात जे काय होतं ते वेगळंच. रक्तदाबाच्या माणसालाही कुणी त्या शेवेबद्दल टोकत नाही. त्याला सांगतात, पाणी पीत जा.

मग गोळ्या. दुखणं थांबवणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी उघडी ठेवणाऱ्या रसायनांवर घाव घालतात. तरुण धडधाकट माणसाला दोन दिवस घेऊन काही होत नाही. पण वय झालेला, मधुमेह असलेला, उन्हातून किंवा जुलाबातून आलेला माणूस रोज घेत राहिला तर त्या कष्टाळू नळ्यांचं रक्त तुटतं. या औषधाची ताकद काय आहे हे आपल्या देशानं डोळ्यांनी पाहिलंय. गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं, मेलेली गुरं गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं बंद पडून मरायची. 2004 मध्ये हे सिद्ध झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शेकडा नव्याण्णव नाहीशी झाली होती. गिधाडं पाणी कमी पीत होती, असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. माणसाच्या बाबतीत मात्र होते, आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून ‘दुखण्याची पट्टी’ मागितली की आजही मुकाट्यानं काढून दिली जाते.

इथवरचे गुन्हे निष्काळजीपणाचे. यापुढचे मला निष्काळजीपणाचे म्हणवत नाहीत.

2025 च्या सप्टेंबरात आमच्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात, सर्दी-तापाच्या लहान लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. आयांच्या लक्षात आलं ते तेवढंच: लंगोट कोरडा. मुलांना घेऊन आईबाप नागपूरला धावले, कारण त्या भागाला जवळचं मोठं उपचाराचं ठिकाण तेच. पाण्याचे नमुनेही तपासले गेले. दोष पाण्यात नव्हता, मुलांच्या पिण्यातही नव्हता. तो ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधात होता. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक निघालं, 48.6 टक्के. चालू शकतं ते 0.1 टक्क्यापर्यंत. वीसहून जास्त मुलं गेली. हे विष शरीरात गेल्यावर त्याचं जे आम्ल बनतं, ते पहिल्या वळणदार नळीच्या पेशी मारतं. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितल्या होत्या, त्याच पेशी.

मराठी माणसाला हे विष नवं नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिलं गेलं आणि 14 रोगी मूत्रपिंडं बंद पडून मेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं रुग्णालयापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच्याही आधी, 1937 मध्ये, अमेरिकेत याच द्रावकातलं औषध पिऊन शंभराहून जास्त माणसं मेली होती, आणि त्या देशानं पुढच्याच वर्षी औषधाचा कायदा मुळापासून बदलला. आपल्याकडे लेंटिन अहवालानंतर गुडगाव झालं, जम्मूतलं रामनगर झालं, आपल्या कारखान्यांचं औषध पिऊन गांबियातली आणि उझबेकिस्तानातली मुलं गेली, आणि मग परासिया. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासायचं, एवढंच करायचं असतं. हे करणं कारखान्याचं काम आहे, केलं की नाही हे बघणं निरीक्षकाचं. ज्या देशाला हे चाळीस वर्षांत जमलं नाही, त्यानं आपल्या नागरिकांना किती ग्लास पाणी प्या हे शिकवू नये.

आणि अखेर पाणीच.

इंदूरला नर्मदा आयती मिळालेली नाही. 1970 मध्ये या शहरातले लोक रस्त्यावर उतरले, अभ्यास मंडळासारख्या संस्थेनं त्यात पुढाकार घेतला, आणि 1978 मध्ये जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून नर्मदेचं पाणी इथल्या नळाला आलं. 2017 पासून हे देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं मिरवत आलं. त्याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात 2025 च्या डिसेंबरअखेर नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि तिच्याच वर शौचालय बांधलेलं होतं. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. माणसं मेली. किती मेली, याचा सरकारचा आकडा आणि वस्तीचा आकडा जुळला नाही. ती माणसं पाणी प्यायली होती. सांगितल्याप्रमाणे, तहान लागेल तेवढं, नळाचं, पालिकेनं पाठवलेलं.

अशा जुलाबांत काय होतं ते सांगतो. पाण्याबरोबर मीठही वाहून जातं, रक्ताचं आकारमान घटतं, दाब पडतो. मूत्रपिंड पहिल्यांदा आपलं सगळं कौशल्य पणाला लावतं: एडीएच शिगेला, पाण्याची सगळी दारं उघडी, मिठाचा कण न् कण परत घेतलेला, लघवी थोडी आणि गडद. या वेळी मीठ-पाणी पोचलं तर सगळं पूर्ववत होतं. उशीर झाला तर पहिल्या नळीच्या पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात, आणि मग बाटलीमागून बाटली चढवूनही लघवी सुटत नाही. इथं नुसतं पाणी कामाचं नाही. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि मागोमाग पाणी ओढतात, म्हणून लिटरभर पाण्यात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट, असं ओआरएसचं माप ठरलेलं आहे. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणानं कॉलऱ्याचे रोगी वाचवले. त्याच ओआरएसचं नाव छापून साखरेची पेयं आपल्या औषधाच्या दुकानांत राजरोस विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं एकट्या भांडल्या, तेव्हा कुठे 2025 च्या ऑक्टोबरात ते नाव त्या खोक्यांवरून काढायचा आदेश निघाला.

दूषित पाण्याची बातमी फुटली की प्रशासनाची पहिली सूचना कोणती असते? पाणी उकळून प्या. म्हणजे पुन्हा तुम्हीच. जलवाहिनी त्यांची, गळती त्यांची, बांधकामाची परवानगी त्यांची, आणि गॅस तुमचा. शेजाऱ्याचा तो निकाल आणि ही सरकारी सूचना एकाच जातकुळीच्या आहेत, दोन्हींत चूक शेवटी पिणाऱ्याचीच निघते.

म्हणून मला आता सल्ले नकोत, हिशेब हवा आहे. इंदूरच्या प्रत्येक वॉर्डातल्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर आठवड्याला त्या वॉर्डाच्या पाण्याच्या टाकीवर चिकटवा, तारीख आणि तपासणाऱ्याच्या सहीसकट. मधुमेहाच्या प्रत्येक रोग्याची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात फुकट करा. डायलिसिसच्या एका महिन्याच्या खर्चात अशा किती तपासण्या होतील, ते हिशेबनिसाला विचारा. आणि जुलाबांनी एकदा बंद पडून पुन्हा सुरू झालेली मूत्रपिंडं पुढे काही वर्षांनी हळूहळू ढासळण्याचा धोका असतो, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. भागीरथपुऱ्यात त्या आठवड्यात ज्यांची लघवी थांबली होती त्यांची यादी रुग्णालयांच्या फायलींत आहे. त्यातल्या प्रत्येकाचं क्रिएटिनीन, लघवी आणि रक्तदाब पुढची पाच वर्षं पालिकेनं आपल्या खर्चानं तपासावा, घरी जाऊन तपासावा, आणि कुणाची मूत्रपिंडं ढासळताना दिसली तर त्याच्या फाइलवर कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहावं: पालिकेचं पाणी.